पाकगृह, घरगुती : स्वच्छतेचे निकष व तपासणी

कुटुंबाच्या रोजच्या आहारासाठी अन्न निवडण्याची, शिजविण्याची, साठविण्याची व वाढण्याची घरातील जागा आणि तेथील साधने यांना मिळून घरगुती पाकगृह म्हणतात. उपाहारगृहे, खानावळी, वसतिगृहांची भोजनालये, कारखान्यांतील उपाहारकक्ष इ. ठिकाणच्या पाकगृहांची शासकीय यंत्रणेमार्फत तपासणी होते; घरगुती पाकगृहाची होत नाही. तथापि बहुसंख्य लोकांचे बहुतेक जेवण घरीच तयार होत असल्यामुळे, व्यावसायिक पाकगृहांना लावण्यात येणारे निकष घराला लावले तर ते त्यांत उतरेल काय, हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने केवळ कुतूहलाचा राहत नाही. त्याचे उत्तर असे, की वास्तू, साधने व नोंदी यांविषयीच्या निकषांवर बहुतेक घरे अनुत्तीर्ण ठरतील. मात्र तपासणीत उतरणे आणि अन्न निर्धोक असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत, आणि त्यांच्यातील अंतर कोठे पडते हे पाहणे अधिक उद्‌बोधक आहे.

या प्रश्नाच्या तिन्ही बाजू जालना येथील महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या क्षेत्रात एकत्र पाहावयास मिळतात. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण बियाण्यांच्या व्यापारासाठी आणि पोलादी सळया तयार करणाऱ्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. भंगार वितळविणाऱ्या भट्ट्यांवर आणि सळया ओढणाऱ्या गिरण्यांत पाळ्यांनी काम चालते. तेथील कामगारांत आसपासच्या खेड्यांतून येणारे लोक आहेत, तसेच बिहार, उत्तर प्रदेश इ. राज्यांतून एकटे आलेले पुरुषही पुष्कळ आहेत. या मंडळींचे दुपारचे जेवण तीन ठिकाणांहून येते : कारखान्याचा उपाहारकक्ष, स्वतःच्या घरचा डबा आणि वसाहतीतील एखाद्या बाईने आपल्या घरातून पैसे घेऊन पुरविलेला डबा. पहिल्याची तपासणी होते. दुसऱ्याची होत नाही. तिसऱ्याची व्हावयास हवी, पण ती क्वचितच होते.

कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ४६ नुसार २५० पेक्षा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारकक्ष चालविण्याचे बंधन राज्य शासनास घालता येत असे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हिने ही मर्यादा १०० कामगारांपर्यंत खाली आणली. जुन्या अधिनियमाच्या कलम ४७ मध्ये १५० पेक्षा अधिक कामगारांच्या कारखान्यात, कामगारांनी सोबत आणलेले जेवण जेवण्यासाठी पिण्याच्या पाण्यासह स्वतंत्र खोली असावी आणि अशी खोली असल्यास कोणी कामाच्या जागी जेवू नये, अशी तरतूद होती. म्हणजे डबा कोठे उघडावा याची काळजी कायद्याने घेतली. डब्यात काय आहे व ते कोणत्या ओट्यावर शिजले, याविषयी त्याने काही विचारले नाही.

कायद्याची सीमारेषा : भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक अधिनियम, १९५४ हा दीर्घकाळ लागू होता. त्याचा भर मुख्यतः भेसळीवर होता. त्याची जागा घेणाऱ्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ या कायद्याची प्रत्यक्ष अंमलबजावणी ५ ऑगस्ट २०११ पासून सुरू झाली. या अधिनियमाने ‘अन्न व्यवसाय’ या संज्ञेची व्याप्ती बरीच वाढविली. नफा असो वा नसो, संस्था खाजगी असो वा सार्वजनिक, अन्नाची निर्मिती, प्रक्रिया, साठवण, वाहतूक, विक्री यांपैकी काहीही करणारा उपक्रम तीत येतो. वर्षाकाठी १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या लहान व्यावसायिकांना २०११ च्या विनियमांनी परवान्याऐवजी केवळ नोंदणीची सवलत दिली आणि तिचे वार्षिक शुल्क १०० रु. ठेवले. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यास विक्रीसाठी अन्न तयार होते किंवा साठविले जाते अशा जागेत प्रवेश करून तपासणी करता येते. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करणाऱ्यास कलम ५६ मध्ये एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

कुटुंबासाठी शिजविलेले अन्न या सर्वांच्या बाहेर राहते. याचे कारण घरचे अन्न सुरक्षित असते असे नव्हे, तर घराच्या उंबरठ्याच्या आत शासनाने कोठपर्यंत यावे याला मर्यादा आहे, हे होय. परंतु डब्याचे पैसे घेतले जाऊ लागले, की तोच ओटा, तीच मोरी व तेच हात कायद्याच्या कक्षेत येतात. भाजीत काहीच बदल झालेला नसतो.

निकष व घर : २०११ च्या विनियमांच्या चौथ्या अनुसूचीच्या पहिल्या भागात नोंदणीधारक लहान व्यावसायिकांसाठी स्वच्छतेच्या अपेक्षा दिल्या आहेत. जागा घाणीपासून दूर, पुरेशी, उजेडाची व खेळत्या हवेची असावी. भिंती, छत व जमीन गुळगुळीत, न पोपडणारी आणि धुता येण्याजोगी असावी. खिडक्यांना व दारांना जाळी असावी. पाणी पिण्यायोग्य असावे आणि त्याची साठवण झाकलेली असावी. भांडी न गंजणारी असावीत. स्वयंपाक करणारी व्यक्ती संसर्गजन्य रोगापासून मुक्त असावी, अशा त्या अपेक्षा आहेत. मोठ्या व्यावसायिकांना याशिवाय कर्मचाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, आंत्रज्वराविरुद्ध लसीकरण, कीटकनियंत्रणाच्या आणि तापमानाच्या नोंदी ठेवाव्या लागतात.

औद्योगिक क्षेत्रालगतच्या वसाहतीतील दोन खोल्यांच्या घरास ही मोजपट्टी लावून पाहिली, तर दारापासूनच गुण कमी होऊ लागतात. स्वयंपाकाच्या खोलीत रात्री कोणी तरी झोपते. व्यावसायिक पाकगृहात ही गोष्ट आक्षेपार्ह ठरते. ओट्याशेजारीच मोरी असून तीत भांडी, तांदूळ, भाजी व हात एकाच जागी धुतले जातात. छत पत्र्याचे असते. खिडकीस जाळी नसते, किंवा असते ती तेलकट धुराने बुजलेली असते. खेड्यातील घरात जमीन शेणाने सारविलेली असेल, तर तपासनिसाला पुढे पाहण्याचे कारणच उरत नाही. शेणात आतड्यांतील सूक्ष्मजंतू विपुल असतात आणि ओल्या सारवणावर बसून पोळ्या लाटणे कोणत्याही निकषात बसणार नाही. चुलीचा धूर हा आणखी एक मुद्दा. व्यावसायिक पाकगृहात तळण-शिजवण चालते तेथे धुराडे आवश्यक मानले जाते. घरात ते बहुधा नसते. २०१६ पासूनच्या उज्ज्वला योजनेमुळे गॅसची शेगडी अनेक घरांत आली, तरी चूल सर्वत्र विझलेली नाही.

काही बाबतींत मात्र घर कायद्याच्या आधीपासून उत्तीर्ण आहे. तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई असल्याखेरीज त्यांत अन्न विक्रीसाठी ठेवू नये, असा नियम १९५५ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत होता. चिंच, ताक, आमसूल यांसारख्या आंबट पदार्थांनी उघडे तांबे विरघळून अन्नात उतरते आणि मळमळ, उलट्या होतात, हे यामागील कारण होय. ही गोष्ट गृहिणीला कोणा अधिकाऱ्याने शिकविली नव्हती. पातेले ‘कळकते’ म्हणून ती वर्षातून एकदा तरी कल्हईवाल्याला हाक मारीत असे. भांडी राखेने घासून उन्हात पालथी घालण्याची पद्धतही अशीच शास्त्राला धरून आहे. राखेचा अल्कधर्म व घर्षण यांनी चिकटा निघतो आणि कोरड्या, तापलेल्या पृष्ठभागावर सूक्ष्मजंतू फार काळ टिकत नाहीत. त्याच भांड्यांना नंतर ओल्या फडक्याने पुसले, तर हा सारा लाभ फुकट जातो. ओटा, हात, पातेल्याचा कान आणि ताट या सर्वांसाठी वापरले जाणारे एकच फडके ही घरगुती पाकगृहातील बहुधा सर्वांत घाणेरडी वस्तू असते. ते दिसावयास स्वच्छ असते, हीच अडचण आहे.

सोवळ्याओवळ्याच्या आचारांचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. कारण ते स्वच्छतेचे जुने शास्त्रच होते असे मत वारंवार मांडले जाते. स्नान करून स्वयंपाक करणे, उष्ट्या हाताने वाढून न घेणे, खरकटे ताबडतोब उचलणे या आचारांचा संसर्ग टाळण्यास उपयोग होतो, यात शंका नाही. परंतु या व्यवस्थेतील शुद्धता व्यक्तीच्या जातीवर, विटाळावर व वस्त्रावर अवलंबून होती. पाण्यातील जंतूंवर नव्हे. ओलेत्याने भरलेली घागर दूषित विहिरीची असली, तरी ती सोवळीच असे. निरोगी परंतु परक्या माणसाचा स्पर्श अन्न बाटवी आणि घरातील आजारी माणसाचा बाटवीत नसे. म्हणून सोवळे व आरोग्यविज्ञान यांची सांगड घालताना सावधगिरी बाळगणे इष्ट होय.

पाणी : मराठवाड्यातील घर तपासणीत ज्या मुद्द्यावर खऱ्या अर्थाने अडते तो मुद्दा पाण्याचा होय. जालना शहर पर्जन्यछायेलगतच्या पट्ट्यात असून तेथील पाऊस बेभरवशाचा आहे. निजामी राजवटीतील घाणेवाडी तलाव शहराला दीर्घकाळ पुरवठा करीत आला. पुढे गोदावरीवरील जायकवाडी जलाशयातून नळयोजना आली. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्हा टँकरवर विसंबून होता. एरव्हीही नळाला रोज पाणी येत नाही. ते काही दिवसांच्या अंतराने येते आणि तोपर्यंत घराला पिंप, टाकी, हंडे व रांजण यांत साठवून काढावे लागते.

या साठवणीतच दोष निर्माण होतो. पाणी शुद्धीकरण केंद्रातून निघताना त्यात शिल्लक क्लोरीन असते. घरातील उघड्या पिंपात ते हळूहळू नाहीसे होते. त्यानंतर पाण्याला संरक्षण उरत नाही आणि त्यात प्रत्येक वेळी बुडणारा तांब्या, त्याला धरणारी बोटे व मुलांचे हात जंतू नेऊन सोडतात. शिवाय नळ बंद असताना रिकाम्या नळात बाहेरचे गटाराचे पाणी फुटक्या सांध्यांतून ओढले जाते, हा खंडित पुरवठ्याचा आणखी एक धोका आहे; पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे येणारे गढूळ पाणी भरून न घेण्याची गृहिणींची सवय म्हणूनच योग्य होय. तपासनीस येथे ‘पिण्यायोग्य पाणी नाही’ असा शेरा मारील व तो बरोबर असेल. परंतु तो शेरा वस्तुतः घरावर नसून पाणीपुरवठ्यावर असेल. घराच्या हाती असलेले उपाय साधे आहेत : तोटी असलेले झाकणाचे भांडे, लांब दांड्याचे ओगराळे, क्लोरीनचे द्रावण वा गोळी, आणि लहान मुलांसाठी उकळलेले पाणी. उपाहारगृहाला टँकरचे पाणी घेऊन त्याची प्रयोगशाळेत परीक्षा करून घेता येते. डबा करणाऱ्या बाईला ते परवडत नाही.

हातांचा प्रश्न पाण्याशीच जोडलेला आहे. पिंपात चार दिवसांचे पाणी मोजून वापरावयाचे असेल, तर साबणाने हात धुणे ही चैन वाटू लागते. पाण्याचा दुष्काळ आणि अतिसार यांचे नाते दूषित पाणी पोटात जाण्यापुरतेच नाही. पुरेसे पाणी हातांना न मिळणे हाही त्याचा तितकाच मोठा भाग आहे.

काल व तापमान : आतापर्यंतच्या विवेचनावरून घरचे अन्न धोकादायकच असले पाहिजे असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात रोजचे घरचे जेवण जेवून लक्षावधी लोक सुखरूप असतात. याचे कारण अन्नातील जंतूंच्या वाढीचे गणित होय. अन्न विषबाधा करणारे बहुतेक सूक्ष्मजंतू ५° ते ६०° से. या दरम्यान वाढतात. म्हणून व्यावसायिक पाकगृहात गरम पदार्थ ६०° से.च्या वर आणि थंड पदार्थ ५° से.च्या खाली ठेवण्याची अट असते. अनुकूल स्थितीत काही जंतूंची संख्या दर २० मिनिटांनी दुप्पट होते. या वेगाने एका पेशीपासून सहा तासांत सु. २ लाख ६० हजार पेशी होतात. जालन्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. पत्र्याखालच्या खोलीत आणि भट्टीजवळच्या खुंटीवर टांगलेल्या डब्यात ते जंतूंना अगदी सुखाचे असते.

घरच्या स्वयंपाकाचे सामर्थ्य असे, की तेथे हा काळ बहुधा मिळतच नाही. वरण उकळते, पिठले रटरटते, भाकरी तव्यावर व विस्तवावर भाजली जाते आणि पानात गरम वाढली जाते. भाकरीच्या पृष्ठभागावर ओलावा कमी असतो. ठेच्यात व लोणच्यात मीठ व आम्ल असते. ताक आंबट असते. कच्चे मांस, कच्चे दूध व कच्ची अंडी रोजच्या आहारात कमी. दोन लिटर वरणाचे पातेले तासाभरात निवते व संपते. याउलट चाळीस लिटरांच्या पातेल्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो, आणि तेवढ्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचे उकळण्यातून वाचलेले बीजाणू रुजून वाढतात. व्यावसायिक निकष कडक असण्याचे मुख्य कारण हेच होय. तेथे अन्नाचे आकारमान मोठे, शिजण्यापासून खाण्यापर्यंतचा काळ लांब आणि एका चुकीने बाधित होणाऱ्यांची संख्या शेकड्यांत असते. घराला तेच निकष जसेच्या तसे लावणे म्हणजे ओढ्याला धरणाचे नियम लावणे होय.

पण घर ज्या क्षणी काळाचा हा नियम मोडते, त्या क्षणी त्याची भिंतींची व फडक्याची सारी उणीव एकदम अंगावर येते. डबा हे त्याचे रोजचे उदाहरण. सकाळच्या पाळीसाठी पहाटे पाचला भरलेला डबा दुपारी एकच्या सुमारास उघडतो. त्यातील भाकरी, चटणी व कोरडी भाजी निभावून जातात. भात मात्र नाही. तांदळात बॅसिलस सीरियस या जंतूचे बीजाणू स्वाभाविकपणेच असतात व ते भात शिजताना मरत नाहीत. कोमट भातात ते रुजतात आणि त्यांपैकी काही वाण उलट्या घडविणारे विष तयार करतात. हे विष पुन्हा तापविल्याने नष्ट होत नाही. रात्रीचा उघडा राहिलेला भात सकाळी फोडणीला टाकला म्हणजे तो ‘शुद्ध’ झाला, ही सार्वत्रिक समजूत म्हणूनच चुकीची आहे. फोडणीने वास झाकला जातो. हातावरील पुवाच्या फोडीतून व नाकातून अन्नात येणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूचे विषही असेच उष्णतेला दाद देत नाही. खव्याचे पदार्थ, बासुंदी व हाताने कुस्करलेले काले यांत ते विशेषतः आढळते. [→ अन्नविषबाधा].

प्रशीतकाने हा प्रश्न सुटला असे मानतात. घरातील प्रशीतकाचे दार वारंवार उघडते, वीज जाते, गरम पातेले तसेच आत सरकवले जाते आणि आतील तापमान मोजण्याची सोय बहुधा नसते. पूर्वी जे शिळे अन्न त्याच दिवशी गुरांपुढे जात असे, ते आता तीन दिवस घरातच राहते. या एका बाबतीत जुने, प्रशीतक नसलेले घर तपासणीत अधिक गुण मिळवील.

तळणीच्या तेलाबाबतही घर सैल आहे. १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलातील एकूण ध्रुवीय संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते व्यावसायिकांना वापरता येत नाही. घरात कढईतील उरलेले तेल गाळून पुनःपुन्हा वापरणे हा काटकसरीचा भाग समजला जातो.

धान्यातील दोष : शिजविण्यापूर्वीच अन्न दूषित असल्यास स्वयंपाकघराची स्वच्छता निरुपयोगी ठरते. मराठवाड्यात उपवासाच्या दिवसांत भगरीपासून होणाऱ्या विषबाधेचे प्रकार वारंवार घडतात. भगरीचे दाणे व विशेषतः तिचे दळून ठेवलेले पीठ हवेतील ओलावा शोषून घेते, त्यावर बुरशी वाढते आणि तिची कवकविषे शिजवूनही पूर्णपणे जात नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्याच्या लोहा तालुक्यात एकादशीच्या दिवशी धार्मिक कार्यक्रमात वाटलेली भगर खाऊन सु. २,००० लोक आजारी पडले. राज्याचे अन्न व औषध प्रशासन नवरात्र, महाशिवरात्र इ. प्रसंगी सुटे भगरीचे पीठ न घेण्याचा व लागेल तेवढेच दळून आणण्याचा सल्ला देते. ज्वारीही यातून सुटलेली नाही. १९९५ साली दख्खनच्या पठारावरील काही खेड्यांत, कापणीच्या वेळी पावसात भिजलेल्या ज्वारी व मक्यातील फ्यूमोनिसिन या कवकविषामुळे पोटदुखी व अतिसाराची साथ आली होती. काळे पडलेले धान्य विकले जात नाही म्हणून ते घरी खाल्ले जाते; येथे दारिद्र्य हेच दूषणाचे कारण होय.

अन्य देशांतील अनुभव : घरगुती स्वयंपाकातून पसरलेल्या रोगाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कमधील मेरी मॅलन हिचे होय. ती धनिक कुटुंबांत स्वयंपाकीण होती. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑइस्टर बे येथील एका घरातील अकरांपैकी सहा जणांना विषमज्वर झाला. त्याचा तपास करताना जॉर्ज सोपर यांना असे आढळले, की तिने काम केलेल्या अनेक घरांत हा रोग तिच्या पाठोपाठ आला होता. ती स्वतः पूर्णपणे निरोगी दिसत असे. १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत तिला अलग ठेवण्यात आले. तिची ती घरे नीटनेटकी व सधन होती. भिंती, फरशी व जाळ्या यांत खोट काढता आली नसती. दोष रोगवाहक व्यक्तीच्या हातांत होता आणि तो केवळ विष्ठेच्या परीक्षेनेच दिसू शकत होता. स्वयंपाक करणाऱ्यांच्या वैद्यकीय तपासणीची आजची अट यांसारख्या अनुभवांतून आली आहे.

घराला थेट तपासणीची मोजपट्टी लावण्याचा एक प्रयत्न लॉस अँजेल्स परगण्यात झाला. तेथे १९९८ पासून उपाहारगृहांना तपासणीनंतर अक्षरश्रेणी देण्यात येते. २००६ मध्ये तेथील आरोग्य खात्याने त्याच धर्तीची प्रश्नावली नागरिकांना आपापल्या घरासाठी भरावयास दिली. सु. १३,००० प्रौढांच्या उत्तरांवरून २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ३४ टक्के घरांना पहिली, २७ टक्क्यांना दुसरी, २५ टक्क्यांना तिसरी श्रेणी मिळाली आणि १४ टक्के घरे सत्तर गुणांच्याही खाली राहिली. हे आकडे लोकांनी स्वतःच दिलेल्या उत्तरांवर आधारलेले आहेत. तपासनीस प्रत्यक्ष ओट्यापाशी उभा राहिला असता, तर चित्र अधिक वाईट दिसले असते असे मानण्यास जागा आहे. कारण हात धुतल्याचे सांगणारे लोक नेहमीच हात धुणाऱ्या लोकांपेक्षा संख्येने जास्त असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली केलेल्या अंदाजानुसार दूषित अन्नामुळे जगात दरवर्षी सु. ६० कोटी लोक आजारी पडतात व ४ लाख २० हजार मृत्युमुखी पडतात, मृतांपैकी सु. १ लाख २५ हजार पाच वर्षांखालील मुले असतात. एवढी लहान मुले उपाहारगृहांत जेवत नाहीत.

विक्रीसाठी शिजविणारी घरे : घर व व्यवसाय यांच्या मधल्या पट्ट्यात महाराष्ट्रातील स्त्रियांचे मोठे कर्तृत्व आहे. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीच्या बिऱ्हाडात गिरणी कामगारांसाठी खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. त्याआधी १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेल्या श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड या संस्थेने या प्रश्नाला एक व्यवहार्य उत्तर शोधले. पीठ मध्यवर्ती केंद्रात मळावयाचे, लाटण्याचे काम सभासद भगिनींनी आपल्या घरी करावयाचे आणि वाळलेले पापड केंद्रात परत आणून तपासून घ्यावयाचे, ही तिची पद्धत आहे. सभासद होताना घर स्वच्छ ठेवण्याचे मान्य करावे लागते व त्या घराची पाहणीही होते. यशाचा मोठा वाटा पदार्थाच्या निवडीत आहे, हे विसरता कामा नये : मीठ, पापडखार व अत्यल्प ओलावा यांमुळे पापडावर जंतू वाढूच शकत नाहीत. आमटीभाताच्या डब्याला हीच पद्धत लागू करता येणार नाही.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१८ च्या कायद्याने घरातून जेवण विकण्यास परवानगी देताना भिंती व फरशीविषयीच्या अटी शिथिल केल्या आणि त्याऐवजी दिवसाला ३०, आठवड्याला ६० जेवणांची मर्यादा घातली. अन्न ज्या दिवशी शिजेल त्याच दिवशी दिले गेले पाहिजे, अशी अटही त्यात होती. आकारमान व काळ हेच खरे धोके आहेत हे या कायद्याने ओळखले, म्हणून तो लक्षणीय वाटतो.

जालन्याच्या औद्योगिक क्षेत्रात वीस-पंचवीस डबे करून देणाऱ्या बाईची परिस्थिती यावरून समजून घेता येईल. नोंदणीचे शुल्क तिला जड नाही. जड आहे ती तपासणीची भीती. आपले घर पाहिले गेले तर डबे बंद होतील, असे तिला वाटते आणि चौथी अनुसूची जशीच्या तशी लावली तर ही भीती अनाठायी नाही. परिणामी ती नोंदणी करीत नाही आणि तिला उपयोगी पडेल ते ज्ञानही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. भिंतीला फरशा लावण्याचा तगादा लावण्याऐवजी तिच्याकडून तोटीचे पाण्याचे भांडे, दोन वेगळी फडकी, हाताला साबण, जुलाब वा बोटाला पू असताना सुट्टी, आणि भात पाळीच्या वेळेआधी दोन तासांच्या आत शिजविणे एवढ्या पाच गोष्टी पाळून घेतल्या, तर डबा खाणाऱ्याचा धोका बराच कमी होईल. यांतील पाचवी गोष्ट सर्वांत अवघड आहे, कारण पहाटे पाचला डबे नेणारा सायकलवाला दुपारी पुन्हा येत नाही. रात्रपाळीच्या डब्याचे प्रमाण वाढल्यापासून तर संध्याकाळी शिजलेला भात मध्यरात्रीनंतर खाल्ला जातो. अशा डब्यात भाताऐवजी भाकरी वा पोळी देणे, हा त्यावरील सर्वांत स्वस्त उपाय होय. [→ आहार व आहारशास्त्र, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य].